गालिचा घेताना आधी पाठ बघा, भाव सगळ्यात शेवटी

गालिच्याची खरेदी बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे फसते. दुकानात शिरल्यावर आधी नक्षी आवडते, मग भाव विचारला जातो, मग घासाघीस होते आणि गुंडाळी रिक्षात चढते. गालिचा उलटा करून बघायचं राहूनच जातं. एकदा मन बसलं की समोर दिसणारा दोषही दोष वाटत नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी घर, मग पाठ, मग बांधणी, धागा आणि रंग, आणि अगदी शेवटी भाव. एखाद्या टप्प्यावर गालिचा नापास झाला तर पुढच्या टप्प्यावर जायचं नाही. तो बाजूला ठेवून दुसरा उघडायला सांगायचा.

ग्वाल्हेरकरांना पर्याय भरपूर आहेत. शहरात हातविणीचे गालिचे तयार होतात (2023 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं), आग्रा जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि हिवाळ्यात शहरात भरणाऱ्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात बाहेरचा माल येतो. पर्याय वाढले की फसण्याच्या जागाही वाढतात, तेव्हा तयारी घरातूनच सुरू करा.

टप्पा 1: घरातली मापं

दुकानात गालिचा नेहमी लहान वाटतो, कारण तिथली जागा मोठी आणि मोकळी असते. घरी आणल्यावर तोच भिंतीला टेकतो. म्हणून अंदाजावर जाऊ नका. ज्या जागी गालिचा घालायचा तिथे वर्तमानपत्रं जोडून हवा तो आकार अंथरा आणि दोन दिवस त्यावरून वावरा. दार अडतं का, खुर्ची सरकते का, दिवाणाचा पाय नेमका कडेवर येतो का, हे त्यात कळतं.

मापाचे काही ठोकताळे उपयोगी पडतात. बैठकीच्या खोलीत गालिच्याच्या चारही बाजूंना एक ते दीड फूट फरशी उघडी राहू द्या. सोफ्याचे निदान पुढचे पाय सहा-आठ इंच गालिच्यावर यावेत. नुसता सोफ्यासमोर ठेवलेला छोटा गालिचा सरकत राहतो आणि त्याची कड लवकर झिजते. जेवणाच्या टेबलाखाली घालायचा असेल तर टेबलाच्या प्रत्येक बाजूला दोन फूट जास्त हवा, नाहीतर खुर्ची मागे ओढताना मागचे पाय खाली उतरतात आणि पुढे येताना कडेत अडकतात. पलंगाच्या बाजूंना दीड-दोन फूट पुरे.

दाराखालची फट मोजायला लोक हमखास विसरतात. लोकरी गालिच्याची जाडी साधारण 10 ते 12 मिलिमीटर असते आणि खालचं अस्तर आणखी पाचेक मिलिमीटर घेतं. दार त्यावरून फिरणार असेल तर फट त्याहून जास्त हवी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत उंबरे असतात, तिथे हा प्रश्न येत नाही; नव्या फ्लॅटमध्ये नक्की येतो.

बाजारात 4×6, 5×8, 6×9, 8×10 आणि 9×12 फुटांचे आकार सहज मिळतात. हातविणीत दोन-तीन इंच इकडेतिकडे होतंच, तेव्हा कागदावर एक नेमका आकडा न लिहिता 'एवढ्यापासून एवढ्यापर्यंत' अशी मर्यादा लिहा.

वापराचाही प्रामाणिक विचार करा. पंगत बसते का, रांगतं मूल आहे का, कुत्रं आहे का, हळदीकुंकू कोणत्या खोलीत होतं? लोकरीवर सांडलेल्या हळदीचा डाग धुऊन जवळजवळ निघत नाही. उजेडात हळूहळू फिका पडतो, एवढंच. अशा खोलीसाठी फिक्या जमिनीचा (म्हणजे नक्षीमागचा रंग फिका असलेला) गालिचा घेऊ नका. तिथे चांगली सुती पंजा दरी (सपाट विणीची सतरंजी) जास्त शहाणपणाची, कारण ती धुता येते आणि तिच्यात जीवही अडकत नाही.

सोबत नेण्याच्या वस्तू: धातूची मोजपट्टी (कापडी टेप ताणला जातो), छोटं भिंग, मोबाइलची बॅटरी, पांढरा सुती रुमाल, पाण्याची लहान बाटली, वही, आणि खोलीचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो.

तपासणी: वहीत चार गोष्टी आहेत ना? लांबी-रुंदीची मर्यादा, जास्तीत जास्त जाडी, खोलीचा वापर आणि खर्चाची वरची सीमा. सीमा घरीच ठरवा. ती दुकानदाराला सांगू नका.

टप्पा 2: कोणत्या प्रकारचा गालिचा हवा ते ठरवा

'हाथ का बना है' हे दुकानातलं वाक्य खोटं नसतं, पण अपुरं असतं. हाताने बनवलेल्या मालात निदान तीन वेगळ्या जाती येतात आणि त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गाठींचा गालिचा: मागावर उभे धागे म्हणजे ताणा लावतात. त्यावर लोकरीची किंवा रेशमाची एकेक गाठ हाताने मारतात, ओळ पूर्ण झाली की आडवा धागा म्हणजे बाणा घालून पंजाने, म्हणजे कंगव्यासारख्या अवजाराने, ठोकतात. वर जे मऊ केस दिसतात ती लव. ती गाठीने पकडलेली असते, म्हणून गालिचा पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतो आणि दुरुस्तही होतो.

टफ्टेड गालिचा: ताणलेल्या कापडात टफ्टिंग गनने धागा टोचतात, मागून लॅटेक्सचा चीक लावतात आणि तो झाकायला वर आणखी एक कापड चिकटवतात. माणसाच्या हातानेच होतो, पण गाठ एकही नसते. लव फक्त चिकाने धरलेली असते. चीक काही वर्षांत सुकतो, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर, आणि गालिच्याखाली पिवळट भुकटी पडू लागते. पाच-सात वर्षांसाठी स्वस्तातली शोभा म्हणून हा माल ठीक आहे. गाठींच्या भावाने घेतला तर फसलात.

सपाट विणीचा: सतरंजी, पंजा दरी, किलीम. यात लवच नसते. हलका, धुता येण्याजोगा, दोन्ही बाजूंनी वापरता येतो.

यंत्रावरचा माल निराळा. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचा असतो.

दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: "नॉटेड है या टफ्टेड?" 'हँडमेड' हे उत्तर म्हणून स्वीकारू नका, तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर ऐकून घ्या, पण खात्री पुढच्या टप्प्यात स्वतः करा.

टप्पा 3: गालिचा उलटा करा

नक्षी नीट पाहण्याआधी एक कोपरा उलटा. या टप्प्याला घाई करू नका, निम्मी परीक्षा इथेच होते.

पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड आहे असं धरून चाला. "मजबूती के लिए लगाया है" असं सांगितलं जातं. गाठींच्या गालिच्याला अशा कापडाची गरज नसते आणि कोणताही जाणकार विक्रेता आपल्या मालाची पाठ झाकत नाही.

पाठ उघडी असेल तर तिच्यावर नक्षी समोरच्याइतकीच स्पष्ट दिसायला हवी. भिंगातून पाहा: प्रत्येक रंगाचे छोटे छोटे उंचवटे दिसतील, त्या गाठी. त्या थोड्या लहान-मोठ्या आणि ओळी किंचित वाकड्या असतील तर हात बोलतो आहे. सगळं पट्टीने आखल्यासारखं एकसारखं असेल आणि कडेला शिलाईयंत्राचे टाके असतील तर यंत्र.

आता लव दोन्ही अंगठ्यांनी फाकवून मुळाशी पाहा. गाठींच्या गालिच्यात उभ्या धाग्याभोवती वळसा दिसतो. टफ्टेडमध्ये वळसा नसतो, धागा सरळ कापडात शिरलेला दिसतो.

मग झालर. गाठींच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचीच उरलेली टोकं; ती गालिच्याच्या अंगातून बाहेर येतात. वेगळी पट्टी शिवून किंवा चिकटवून लावलेली झालर ही धोक्याची खूण आहे. मात्र जुन्या गालिच्याची झिजलेली झालर बदललेली असू शकते, आणि काही यंत्रांचा मालही ताण्याची झालर ठेवतो. त्यामुळे झालर हा एकटा पुरावा पुरेसा नाही. पाठ, मूळ आणि झालर तिन्ही जुळायला हवीत.

गाठी मोजणं

पाठीवर मोजपट्टी ठेवून आडव्या एका इंचात किती गाठी आणि उभ्या एका इंचात किती, ते मोजा. गुणाकार म्हणजे चौरस इंचातल्या गाठी. आडव्या 10 आणि उभ्या 12 आल्या तर 120. तीन वेगळ्या जागी मोजून सरासरी काढा, कारण एकाच गालिच्यात वीण कमी-जास्त होते.

इथे एक चूक फार होते. काही विणींमध्ये एका गाठीचे दोन उंचवटे शेजारी-शेजारी दिसतात, काहींमध्ये ताण्याचा एक धागा दुसऱ्याच्या मागे दबल्याने एकच दिसतो. दोन दिसत असताना प्रत्येक उंचवटा मोजला तर आकडा दुप्पट होतो. विक्रेता तोच आकडा सांगत असेल तर तुम्हाला तो खराही वाटेल. ओळखायची युक्ती सोपी आहे: नक्षीत सगळ्यात बारीक उभी रेघ शोधा, बहुधा फुलाची किंवा पानाची बाह्यरेषा. ती एका गाठीची असते. ती रेघ पाठीवर दोन उंचवट्यांची दिसली तर जोडी मिळून एक गाठ धरा.

भारतीय मालावर 5/40, 9/54, 12/60 असे आकडे सांगतात. पहिला आकडा रुंदीच्या 0.9 इंचातल्या गाठी, दुसरा लांबीच्या 4.5 इंचातल्या. दोन्ही गुणून चाराने भागलं की चौरस इंचाचा अंदाज मिळतो: 5/40 म्हणजे सुमारे 50, 9/54 म्हणजे सुमारे 120, 12/60 म्हणजे सुमारे 180. काश्मिरी मालात 18/18 म्हणतात तेव्हा तो थेट इंचाचा हिशेब असतो, म्हणजे 324. इराणी तब्रीझमध्ये 'रज' चालतो: सात सेंटिमीटर रुंदीतल्या गाठी. 50 रज म्हणजे चौरस इंचाला सुमारे 330. विक्रेत्याने सांगितलेला आकडा आणि तुमची मोजणी यात दहा टक्क्यांहून जास्त तफावत आली तर कारण विचारा.

किती गाठी हव्यात? रोजच्या बैठकीसाठी जाड लोकरीचा 80 ते 150 गाठींचा गालिचा उत्तम. बारीक वळणाची फुलं-वेली स्वच्छ हव्या असतील तर 150 च्या पुढे जा. 300 च्या वरचा रेशमी माल पायांखाली घालायचा नसतोच. गाठी जास्त म्हणजे गालिचा चांगला, हे समीकरण चुकीचं आहे. चाळीस-पन्नास गाठींचा पण दमदार लोकरीचा भौमितिक नक्षीचा गालिचा, निकृष्ट लोकरीच्या दोनशे गाठींच्या गालिच्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकतो.

सावधान: विणताना वेळ वाचवायला दोनऐवजी चार उभ्या धाग्यांवर एक गाठ मारली जाते. तिला जुफ्ती म्हणतात. लव निम्मी होते, गालिचा लवकर टक्कल पडल्यासारखा दिसतो. मोकळ्या एकरंगी जमिनीवर ही लबाडी जास्त होते, म्हणून मोजणी फक्त दाट नक्षीच्या किनारीवर करू नका. मधल्या साध्या भागातही करा.

टप्पा 4: आकार आणि बांधणी

गालिचा सपाट फरशीवर पूर्ण पसरायला सांगा. दुसऱ्या गालिच्यांच्या थप्पीवर पसरलेला गालिचा लाटा लपवतो.

दोन्ही टोकांची रुंदी मोजा, मग मधली. मग दोन्ही कर्ण. सहा फुटांत इंच-दीड इंच फरक हातविणीत चालतो. कर्णांत त्याहून बराच जास्त फरक आला तर गालिचा तिरका आहे आणि फरशीच्या रेघांवर तो रोज डोळ्यांत खुपेल. मधेच फुगवटा असेल आणि हाताने सारून तो दुसरीकडे जात असेल तर ताण्याचा ताण असमान होता. "बिछाने से बैठ जाएगा" हे फक्त गुंडाळीच्या घडीबद्दल खरं आहे, फुगवट्याबद्दल नाही.

कडा आत वळतात का? थोडं वळण ओल्या वाफेने सुधारता येतं, मात्र ते काम कारागिराचं आहे. खर्च किमतीतून वजा मागा.

मग दोघांनी गालिचा उभा धरा आणि मागून उजेड घ्या. छिद्रं, विरळ झालेले पट्टे, रफूचे ठिगळ लगेच दिसतात. जुना गालिचा असेल तर छोटा भाग हळूच दुमडून कान द्या. सुती ताणा कुजला असेल तर कुरकुर आवाज येतो. असा गालिचा कितीही सुंदर असला तरी घेऊ नका. त्यावर दुरुस्ती टिकत नाही, कारण टाका धरायला खाली धागाच उरलेला नसतो.

जुन्या मालात आणखी एक पाहा: चारही बाजूंची किनार सारखी आहे का? झिजलेला भाग कापून दोन तुकडे जोडतात किंवा एक पट्टी काढून टाकतात. पाठीवरची सरळ शिवण आणि मधेच तुटलेली नक्षी हे सांगून जाते.

टप्पा 5: धागा

इथे सगळ्यात महागडी चूक होते, रेशमाच्या नावाने व्हिस्कोज घेण्याची. 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क', 'बनाना सिल्क' या नावांनी मिळणारा धागा बहुधा व्हिस्कोज किंवा त्याच कुळातला असतो. तो चमकतो, मऊ लागतो, पण पाण्याचा शत्रू आहे. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्याने घटते, लव चिकटून बसते आणि वाळल्यावर पिवळट डाग राहतो. पावसाळ्यात ओले पाय पडणाऱ्या घरात तो घालू नये.

परीक्षा अशी घ्या. लवेतले दोन-चार धागे विक्रेत्याच्या परवानगीने काढून घ्या. एक पाण्यात भिजवून दोन्ही हातांनी ओढा. व्हिस्कोज पटकन तुटतो. दुसरा चिमट्यात धरून स्टीलच्या वाटीवर जाळा. लोकर आणि खरं रेशीम रडतखडत जळतात, ज्योत काढली की विझतात, जळक्या केसांचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. व्हिस्कोज आणि सूत कागदासारखे भरभर जळतात, वासही कागदाचा. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

सावधान: जाळून पाहायला झालरीचा धागा देतात, तो घेऊ नका. झालर ताण्याची असते आणि ताणा बहुधा सुती असतो. त्यावरून लवेबद्दल काहीच कळत नाही. उलट, झालर रेशमाची दाखवून सुती-व्हिस्कोज माल 'प्युअर सिल्क' म्हणून खपवतात. लव आणि झालर दोन्ही वेगवेगळ्या तपासा. हाताने घासून गरम लागलं की रेशीम, अंगठीतून गेलं की रेशीम, असल्या चाचण्यांवर विसंबू नका.

लोकरीची प्रत कशी ओळखायची? लवेवर मूठ एक मिनिट दाबून धरा आणि सोडा. चांगली लोकर लगेच उसळून येते. तळव्याने एकाच जागी दहा-पंधरा वेळा घासा. नव्या गालिच्याची थोडी कात (सुटे केस) निघणारच, ती कापणीत उरलेली असते. पण घासाल तितके कोरडे, तुटके केस निघत राहिले तर लोकर मेलेली आहे. असा गालिचा वर्षानुवर्षं झडत राहतो. हाताला हलकी स्निग्धता लागणं चांगलं लक्षण.

टप्पा 6: रंग

गालिचा दुकानाच्या पिवळ्या दिव्यांखालून बाहेर, दाराशी उजेडात आणायला लावा. ग्वाल्हेरच्या महाराज बाडा या बाजारचौकाच्या आसपासची दुकानं अरुंद असली तरी कोपरा तरी बाहेर येतोच. मेळ्यात संध्याकाळच्या रोषणाईत रंग ठरवू नका, दुपारी जा.

आता लवेची दिशा पाहा. हात एका झालरीकडून दुसरीकडे फिरवा: एकीकडे गुळगुळीत, उलट फिरवताना खरखरीत लागेल. त्यामुळे एका टोकाकडून गालिचा फिका दिसतो आणि दुसऱ्या टोकाकडून गडद. दोन्हीकडून पाहा आणि तुमच्या खोलीत दारातून शिरताना कोणतं टोक समोर येईल ते ठरवा. विक्रेता नेहमी त्याला सोयीच्या बाजूने दाखवतो. घरी आल्यावर 'रंग वेगळाच दिसतोय' ही तक्रार बहुधा यातूनच येते.

पांढरा रुमाल ओला करून गडद लाल आणि निळ्या भागावर अर्धा मिनिट दाबा, मग हलके दहा वेळा घासा. किंचित छटा आली तर नव्या मालात चालतं. रुमाल स्पष्ट रंगला तर पहिल्याच धुलाईत लाल पांढऱ्यात उतरेल. सोडून द्या.

लव फाकवून मूळ आणि टोक यांचा रंग पडताळा. टोक मुळापेक्षा फिकं असेल तर उन्हाने किंवा रासायनिक धुलाईने रंग उतरवला आहे. थोडी धुलाई नव्या मालात सर्रास होते. जास्त झाली तर लोकर ठिसूळ होते. टोक मुळापेक्षा गडद असेल तर झिजलेल्या जागा वरून रंगवल्या आहेत.

एकाच रंगात आडवे फिकट-गडद पट्टे दिसले तर तो दोष समजू नका. धागा वेगवेगळ्या खेपांत रंगवल्यामुळे हे होतं, त्याला अब्रश म्हणतात, आणि हातकामात ते शोभतं. फक्त पट्टा मधोमध असून एक अर्धा वेगळाच दिसत असेल तर आवडीचा प्रश्न म्हणून पाहा.

'व्हेजिटेबल डाय' म्हणून जास्त पैसे मागितले तर बिलावर लिहून मागा. दुकानात उभं राहून नैसर्गिक रंगाची खात्री होत नाही, आणि चांगला रासायनिक रंग काही कमी टिकाऊ नसतो.

टप्पा 7: नाव, लेबल आणि दावे

काशान, तब्रीझ, हेराती ही नावं आपल्या बाजारात बहुतेक वेळा नक्षीची असतात, गावाची नाही. पर्शियन नक्षीचा भारतीय गालिचा घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त इराणी मालाचा भाव देऊ नका. "कहाँ बुना गया है?" एवढं विचारा.

ग्वाल्हेरचं मानांकन जागा आणि पद्धत सांगतं, समोरच्या नगाची प्रत सांगत नाही, म्हणून टप्पा 3 ते 6 तरीही करायचे. काश्मिरी गालिच्यावर 2022 पासून क्यूआर कोडचं लेबल येतं. ते मोबाइलवर उघडून त्यातलं माप आणि गाठी समोरच्या गालिच्याशी जुळवा. गुडवीव्हचं लेबल बालमजुरीविरुद्धच्या तपासणीचं असतं आणि त्यावर क्रमांक असतो. मुलांच्या हातांनी विणलेला गालिचा घरात नको असेल तर असं लेबल मागा. मागणी झाली तरच दुकानदार तो माल ठेवतो.

'सौ साल पुराना' म्हणून विकला जाणारा गालिचा खरोखर शंभर वर्षांहून जुना असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली तो देशाबाहेर नेता येत नाही. मुलीला अमेरिकेत पाठवायचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या. आणि खरोखर तेवढा जुना नसेल, तर तो भाव कशाचा?

टप्पा 8: आता भाव

इथवर पास झालेल्या दोन किंवा तीन गालिच्यांचाच भाव विचारा. पूर्ण नगाचा भाव ऐकला की तो स्वतः मोजलेल्या चौरस फुटांनी भागा. लेबलवर 6×9 आणि प्रत्यक्षात 5 फूट 9 इंच × 8 फूट 8 इंच असेल तर 54 ऐवजी 50 चौरस फूटही भरत नाहीत, आणि फरकाचे पैसे तुमचे जातात.

मागितलेली किंमत शक्य आहे का, हे पाहायचा एक हिशेब: 6×9 फूट म्हणजे 7,776 चौरस इंच. 120 गाठींनी गुणलं की 9,33,120 गाठी. सराईत विणकर दिवसाला 6 ते 10 हजार गाठी मारतो. 8 हजार धरल्या तर एका माणसाचे सुमारे 117 दिवस. त्यात लोकर, रंगणावळ, धुलाई, कापणी, दुकानाचा नफा. या दिवसांना आजच्या साध्या मजुरीने गुणून पाहा. '80 टक्के सूट' देऊन सांगितलेला भाव नुसत्या मजुरीच्याही खाली जात असेल तर गाठी तरी खोट्या, धागा तरी खोटा, नाहीतर विणणाऱ्याला त्याची मजुरी मिळालेली नाही.

घासाघीस दोषांवर करा: मोजलेला तिरकेपणा, वळलेली कड, कमी भरलेलं माप. दोष नसताना नुसतं 'कम करो' म्हणण्याला उत्तर म्हणून दुकानदाराने आधीच भाव वाढवून ठेवलेला असतो.

बिलावर एवढं लिहून घ्या: हाताने गाठी मारलेला, लव कशाची, ताणा कशाचा, चौरस इंचातल्या गाठी, प्रत्यक्ष माप, विणल्याचं ठिकाण, परत घेण्याची मुदत. नुसतं 'कारपेट 1 नग' लिहिलेल्या बिलावर पुढे काहीच सिद्ध होत नाही. हे लिहायला विक्रेता तयार नसेल तर तिथेच थांबा.

सावधान: गालिचा नंतर घरपोच येणार असेल तर पाठीच्या एका कोपऱ्याचा जवळून फोटो काढा आणि झालरीत आपला एक रंगीत दोरा बांधा. पोहोचल्यावर दोन्ही जुळवा, मगच उरलेले पैसे द्या. मेळ्यातल्या स्टॉलवरून घेत असाल तर विक्रेत्याचा कायमचा पत्ता बिलावर हवाच. मेळा उठला की स्टॉल उरत नाही.

टप्पा 9: घरातले पहिले काही दिवस

परत करण्याची मुदत असेपर्यंत खाली अस्तर, वर फर्निचर असं काही करू नका. मोकळा पसरा आणि सकाळ, दुपार, रात्र रंग पाहा. फुगवटा आणि घडी यांतला फरक तीन-चार दिवसांत कळतो.

ठेवायचं ठरलं की नमद्याचं (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड थराचं) किंवा रबर-नमद्याचं अस्तर घ्या, गालिच्यापेक्षा प्रत्येक बाजूने एक इंच लहान. जाळीदार प्लास्टिकचं स्वस्त अस्तर उन्हाळ्यात फरशीला चिकटतं.

पहिले दोन-तीन महिने कात निघेल. आठवड्यातून एकदा साधा व्हॅक्यूम, फिरत्या ब्रशशिवाय, लवेच्या दिशेने. झालरीवरून व्हॅक्यूम कधीही नेऊ नका. ती ओढली जाऊन तुटते, आणि झालर तुटली की गाठी सुटायला सुरुवात होते.

मे-जूनच्या आंधीनंतर गालिचा गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने झोडपायची पद्धत बंद करा. कठड्याच्या धारेवर ताणा तुटतो आणि ऊन रंग खातं. त्याऐवजी स्वच्छ फरशीवर उलटा पसरा, पाठीवरून व्हॅक्यूम फिरवा किंवा हाताने थापटा, उचलून खाली पडलेली रेती झाडा, पुन्हा तेच. रेती पडेनाशी झाली की सरळ करा. ही रेतीच लवेच्या मुळाशी बसून धागा कापते, म्हणून वरून स्वच्छ दिसणारा गालिचाही खालून साफ करावा लागतो.

सहा महिन्यांनी 180 अंशांत फिरवा. काही सांडलं तर कोरड्या पांढऱ्या कापडाने कडेकडून मध्याकडे टिपा, घासू नका. मग थंड पाण्याने ओला केलेला रुमाल. गरम पाणी आणि कपड्यांचा साबण नको. पूर्ण धुलाई तीन ते पाच वर्षांनी, आणि ती गालिचे धुणाऱ्याकडूनच. सोफा साफ करणाऱ्या यंत्राने नाही.

कसर (लोकर खाणारी कीड) उजेडात येत नाही. दिवाणाखालचा, कपाटामागचा भाग दर महिन्याला उचलून दोन्ही बाजूंनी साफ करा. एकदा लागलेली कसर कडुनिंबाच्या पानांनी मरत नाही. पाठीवर पांढरट जाळी किंवा तांदळाच्या कणीसारख्या नळ्या दिसल्या तर गालिचा लगेच इतर लोकरीच्या कपड्यांपासून वेगळा करा आणि धुवायला द्या.

पावसाळ्यात ठेवून द्यायचा असेल तर आधी पूर्ण कोरडा आणि स्वच्छ करा. घडी घालू नका. लवेच्या दिशेने गुंडाळा आणि जुन्या सुती धोतरात किंवा चादरीत बांधा. प्लास्टिकमध्ये ओल अडकते आणि सुती ताणा आतून कुजतो. गुंडाळी जमिनीला न टेकवता फळीवर आडवी ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून तिला हवा द्या.